माळ्याचा झरोका बुजवू नका, जाळी लावा

कोकणातल्या कौलारू घराच्या माळ्यावर रात्री धावपळ सुरू झाली की मनात पहिला विचार येतो तो भोक बुजवण्याचा. मग त्रिकोणी भिंतीतला झरोका चिऱ्याच्या तुकड्यांनी चिणतात, वळचणीखालची फट सिमेंटने लिंपतात. आवाज थांबतो आणि घर निर्धास्त झोपतं. दोन-तीन पावसाळ्यांनंतर वाशांच्या टोकांना बुरशी धरलेली दिसते, रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, नखाने उकरता येतील इतक्या मऊ झालेल्या असतात आणि भिंतीवरून वाळवीची मातीची नळी थेट तुळईपर्यंत पोचलेली असते. एक झरोका वाचवण्यापेक्षा अख्खं छप्पर उतरवणं कितीतरी महाग पडतं.

माळ्याला वारा हवाच. चुलीचा धूर, भाताची वाफ, न्हाणीघराची ओल हे सगळं वर चढतं. मातीचं कौल पावसात पाणी पितं आणि उघडीप मिळाली की हळूहळू सुकतं. ही ओल बाहेर जाते ती वाऱ्याबरोबर: वळचणीच्या फटीतून हवा आत येते, कौलांखाली तापून वर चढते आणि आढ्याजवळच्या झरोक्यातून निघून जाते. खालचं तोंड बंद केलं तर वरचं निकामी होतं, आणि वरचं बंद केलं तर खालचं. म्हणून काम एवढंच आहे, की वारा जावा आणि जनावर जाऊ नये. त्यासाठी जाळी योग्य हवी, ती योग्य जागी बसायला हवी, आणि बसवल्यावर साफही राहायला हवी. तिसरी गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते.

वर कोण आहे, ते आधी ओळखा

टॉर्च, हातमोजे आणि एन-९५ मास्क घेऊन दिवसा माळ्यावर जा. लेंड्या पाहिल्या की अर्धं उत्तर मिळतं. लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात, घरातल्या मोठ्या उंदराच्या त्याच्या दुप्पट लांब, आणि सुकल्यावर दोन्ही टणक होतात. वटवाघळाची लेंडीही तशीच दिसते, पण मोज्यातल्या बोटांत दाबली की तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसतात. ती बहुधा एका फटीच्या बरोबर खाली साठते. एकाच कोपऱ्यात मोठी विष्ठा आणि तीत फळांच्या बिया, त्यातही भेरली माडाच्या बिया दिसल्या, तर ते उदमांजर. कोकणात त्यालाच कांडेचोर म्हणतात. अंगठ्याएवढे करडे गोळे, आत उंदराचे केस आणि हाडं, असं काही सापडलं तर वर घुबड बसतं.

आवाजही ऐका. उदमांजराची पावलं मांजरासारखी जड असतात. ती दिवेलागणीनंतर बाहेर जाताना आणि पहाटे परतताना ऐकू येतात. उंदीर रात्रभर खुडबुडतात. वटवाघळं तिन्हीसांजेला बारीक चिरचिरतात आणि पाच-दहा मिनिटांत एकामागून एक बाहेर पडतात.

वाट कोणती हे कळत नसेल तर संशयाच्या प्रत्येक फटीसमोर चाळलेली राख किंवा रांगोळी हातभर पसरून ठेवा आणि सकाळी ठसे पाहा. पीठ वापरू नका, उंदरांना ते आमंत्रणच होतं.

घुबड असेल तर त्याला राहू द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. भाताच्या कोठारालगत घुबड असलं की उंदरांचा बंदोबस्त आपसूक होतो. किडे खाणारी वटवाघळं कौलांच्या बाहेरच्या फटीत असतील आणि घरात उतरत नसतील, तर त्यांनाही छेडू नका.

बाहेर काढल्याशिवाय बंद करू नका

सर्वांत मोठी चूक होते ती इथे. आत पिल्लं असताना जाळी ठोकली तर आई रात्रभर कौलं उचकटते आणि पिल्लं आत मरतात. मग महिनाभर वास आणि माश्या. पारव्याची अंडी १७ ते १९ दिवसांत फुटतात आणि पिल्लं उडायला त्यानंतर चार-पाच आठवडे लागतात. चिमणीचा सगळा संसार महिन्याभरात उरकतो. घरटं दिसलं तर तेवढे दिवस थांबा आणि पिल्लं उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी काम उरका, कारण पारवे लगेच पुन्हा अंडी घालतात.

उदमांजर, घुबड, नाग, धामण या सर्वांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे. पिंजरा लावून पकडणं आणि दूर नेऊन सोडणं हेही परवानगीशिवाय करता येत नाही. अडचण असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. साध्या प्रकरणात पकडायची गरजही पडत नाही. पिल्लं नाहीत याची खात्री करून माळ्यावर तीन-चार रात्री दिवा जळता ठेवा. उदमांजराला काळोख लागतो, ते दुसरी जागा शोधतं. मग त्याच्या वाटेत वर्तमानपत्राचे बोळे सैल कोंबा. सलग तीन रात्री बोळे हलले नाहीत तर आत कोणी नाही. हलले तर आतून बाहेर ढकललेत की बाहेरून आत, हेही बघा.

वटवाघळांसाठी फटीच्या वरच्या कडेला बारीक विणीची नायलॉनची जाळी पडद्यासारखी अडकवा. ती दोन्ही बाजूंनी भिंतीला चिकटवा, खालून मोकळी सोडा आणि फटीच्या खाली दीड-दोन फूट लोंबू द्या. वटवाघूळ सरपटत खालून बाहेर पडतं, पण परतताना थेट फटीवर येतं आणि त्याला आत शिरता येत नाही. पडदा किमान सात रात्री ठेवा, मगच फट कायमची बंद करा. उडू न शकणारी पिल्लं असतील तर हा उपाय करू नका. वटवाघळाला उघड्या हाताने कधीही उचलू नका. वटवाघूळ, उदमांजर किंवा माकड चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा.

उंदरांसाठी माळ्यावर विष ठेवू नका. उंदीर वाशांच्या सांध्यात जाऊन मरतो आणि सापडत नाही. अर्धमेला बाहेर पडला तर तो खाणारं घुबड किंवा घरचं मांजरही दगावू शकतं. सापळा लावा, वाट बंद करा.

जाळी कोणती

उंदराचं पिल्लू ६ मि.मी.च्या फटीतून जातं, मोठा उंदीर १२ मि.मी.मधून. त्यामुळे पाव इंची, म्हणजे ६ मि.मी. चौकोनाची वेल्डेड जाळी हे उत्तर जवळपास सगळीकडे चालतं. तारेची जाडी २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मि.मी. घ्या. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात लक्षात असू द्या. २४ गेजची जाळी स्वस्त आणि कापायला सोपी असते, पण उदमांजर तिची कड पंजाने वाकवतं. माकडांचा त्रास असेल तर बाहेरून १२ मि.मी.ची, १६ गेजची जाड जाळी आणि तिला आतून पाव इंची जाळी अशी जोडी करा.

धातूबद्दल तडजोड नको. खाऱ्या वाऱ्यात साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी वेल्डच्या ठिकाणी आधी गंजते. घ्यायचीच असेल तर वेल्डिंग झाल्यानंतर जस्त चढवलेली मागा. जोड जस्ताने झाकले गेलेत की नाही हे डोळ्यांनी दिसतं: जोडाशी जस्ताचा छोटा फुगवटा असतो. खाडीपासून आत असलेल्या गावात स्टेनलेस स्टीलची ३०४ प्रतीची जाळी पुरते, समुद्र दिसतो अशा घराला ३१६ प्रतीची घ्या. स्क्रू आणि वॉशरही स्टेनलेसचेच हवेत. स्टेनलेस जाळीला साधे स्क्रू मारले तर खाऱ्या ओलीत स्क्रू फार लवकर खाल्ले जातात आणि चांगली जाळी एक दिवस चौकटीसकट खाली येते.

प्लास्टिकची, नायलॉनची आणि अॅल्युमिनियमची जाळी उंदीर कुरतडतो. पक्ष्यांसाठी मिळणारी प्लास्टिकची जाळी तर लावूच नका, धामण तिच्यात अडकून तडफडून मरते. फोमने फट भरणंही व्यर्थ आहे, उंदराला तो कुरतडायला काही वेळ लागत नाही. फटी बुजवायच्या असतील तर जाळीचे तुकडे आत दाबून वरून एकास तीन सिमेंट-वाळूचा माल भरा.

डासांची जाळी लावण्याचा मोह अनेकांना होतो. ती माळ्यावर नको. तिची भोकं इतकी बारीक असतात की चुलीची काजळी, धूळ आणि कोळ्यांची जळमटं मिळून एका मोसमात तिचं फडकं होतं. बाहेरून जाळी दिसते, पण वारा शून्य. पाव इंची जाळीतही तारा साधारण पाव जागा अडवतात, म्हणजे एक चौरस फुटाच्या झरोक्यातून पाऊण चौरस फूट वारा मिळतो. नवा झरोका काढत असाल तर तो त्या हिशोबाने तिसऱ्या हिश्श्याने मोठा काढा.

किती झरोके हवेत? अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १५०व्या भागाइतकी मोकळी जागा सांगितली आहे: ६०० चौरस फुटांना ४ चौरस फूट. ती निम्मी खाली आणि निम्मी वर ठेवा. नुसत्या मंगलोरी कौलांचं छप्पर सांध्यांतूनही श्वास घेतं, त्यामुळे तिथे याहून कमी झरोके पुरतात. पण गळती थांबवायला कौलांखाली ताडपत्री किंवा पत्रा घातला असेल तर ते सांधे बंद झाले. अशा घरात हा हिशोब पाळाच.

झरोक्याची चौकट

जाळी भिंतीवर थेट ठोकू नका. एकदा ठोकलेली जाळी पुन्हा साफ होत नाही. काढता-घालता येणारी चौकट करा.

भिंतीतल्या भोकाच्या बाहेरच्या कडेला सागवानाच्या दोन इंची पट्टीची पक्की चौकट बसवा आणि तिच्या भोवतीची फट सिमेंटच्या मालाने भरा. त्या चौकटीत आतून, म्हणजे माळ्यावरून टेकेल अशी दुसरी हलकी चौकट करा. तिच्या बाहेरच्या अंगाला जाळी आणि आतल्या बाजूला चार लाकडी खिट्ट्या. साफसफाईच्या दिवशी खिट्ट्या फिरवायच्या, चौकट आत ओढायची. शिडी लावून बाहेर लटकायची गरज नाही.

जाळी बाहेरच्या अंगाला का? चिऱ्याची भिंत नऊ ते पंधरा इंच जाड असते. जाळी आतल्या कडेला लावली तर बाहेर तयार कोनाडा राहतो, आणि साळुंकी किंवा पारवा त्यात घरटं करतो. मग जनावर आत नाही, पण काड्यांनी झरोका बुजलेला.

मोजमापाचं उदाहरण घ्या. हलकी चौकट बाहेरून २४ × १८ इंच असेल तर जाळी २६ × २० इंच कापा. चारही कडा एक इंच दुमडून लाकडावर घ्या. दुमडीमुळे कापलेल्या तारांची टोकं आत जातात आणि कड वाकवता येत नाही. दर चार इंचांवर वॉशरसह स्क्रू मारा. कोपऱ्यांपासून सुरुवात करून समोरासमोर ओढत जा, नाहीतर मधे पोट येतं. दोन चौकटींमधली फट कुठेही ५ मि.मी.पेक्षा जास्त नको. पेन्सिल आत जात असेल तर पट्टी लावा.

जांभ्याच्या चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नाहीतर भोकाभोवतीचा दगड भुरभुरतो आणि रावळ प्लग (स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची गुल्ली) फिरत राहतो. शक्य असेल तिथे प्लग लांब घ्या, अडीच इंचांपर्यंत.

पावसाची झड हा या कामातला खरा कस. पश्चिमेकडच्या आणि नैऋत्येकडच्या झरोक्यावर पत्र्याचं छपरं करा: दीड फूट उंच भोकाला किमान एक फूट पुढे आलेलं, दोन्ही बाजूंना गालफडं असलेलं. किंवा चौकटीत ४५ अंशांनी तिरप्या लाकडी पट्ट्या लावा, खालची कड बाहेर. हे केलं नाही तर जूनमध्ये कोणीतरी झरोक्यावर प्लास्टिकचा कागद ठोकतो आणि दिवाळीतही तो तसाच असतो. त्या चार-पाच महिन्यांत माळ्याला वाऱ्याची सर्वांत जास्त गरज असते.

वळचण

झरोका नीट केला तरी उंदीर येतच राहिले तर वाट वळचणीतून आहे, असं समजा. भिंतीचा माथा आणि कौलांचा खालचा भाग यांमधे, वाशा-वाशांच्या मधल्या खणांत मोकळी जागा असते. वारा आत येण्याची हीच मुख्य वाट, म्हणून इथेही सिमेंट नको.

जुन्या घरात दोन खण सारखे नसतात. प्रत्येक खण वेगळा मोजा, खडूने आकडा लिहा, तोच आकडा जाळीच्या तुकड्यावर लिहा. तुकडा खणापेक्षा चारही बाजूंनी एक इंच मोठा कापा. खालची कड काटकोनात वाकवून भिंतीच्या माथ्यावरच्या तुळईला स्क्रूने बसवा, बाजूच्या कडा वाशांना, वरची कड रिपेला. कौलाला जाळी कधीही बांधू नका, कारण शाकारणीच्या वेळी कौल काढलं की सगळं सुटतं.

पहिल्या ओळीच्या मंगलोरी कौलांच्या खाली, कौलाच्या वळणांमुळे छोट्या कमानी उरतात. चिमण्या आणि लहान उंदीर तिथून शिरतात. जाळीची चार इंची पट्टी रिपेवर ठोकून तिचं वरचं टोक कात्रीने कौलाच्या वळणाप्रमाणे कापा. हे काम किचकट आहे, पण टाळलं तर बाकीच्याला अर्थ राहत नाही.

माकडांना जाळी पुरत नाही, ती कौलच सरकवतात. मंगलोरी कौलाच्या खालच्या अंगाला बांधणीसाठी छिद्र असलेला कान असतो. वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्यालगतची एक ओळ स्टेनलेस तारेने रिपांना बांधून टाका. शाकारणी करणाऱ्यांना याची आधी कल्पना द्या, म्हणजे ते तार तोडून कौल ओढणार नाहीत.

छपरावर टेकणारी झावळ, आंब्याची फांदी, विजेची जुनी तार, भिंतीवर चढवलेली मिरवेल हे सगळे जिने आहेत. फांद्या छपरापासून सात-आठ फूट दूर ठेवा. घरालगतच्या माडाला पुरुषभर उंचीच्या वर दीड फूट रुंद गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा.

साफसफाई

वर्षातून दोनदा: एकदा शाकारणीच्या वेळी, एप्रिल-मेमध्ये, आणि एकदा पाऊस गेल्यावर. चुलीवर रोज रांधत असाल तर जानेवारीत तिसऱ्यांदा.

चौकट काढून अंगणात आणा. आधी कोरड्या काथ्याच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी झाडा, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात ब्रश बुडवून घासा. चुलीची काजळी तेलकट असते, नुसत्या पाण्याने ती पसरते. कुंभारमाशीची मातीची घरटी भिजवून खरवडा. स्टेनलेसला लोखंडी तारेचा घासा लावू नका, त्याचे कण जाळीत अडकून तिथेच गंज धरतात.

चौकट परत बसवल्यावर वारा तपासा. पेटलेली उदबत्ती जाळीपासून वीतभर अंतरावर धरा. वळचणीपाशी धूर आत ओढला गेला पाहिजे, वरच्या झरोक्यापाशी बाहेर. दुपारी, कौलं तापलेली असताना हे स्पष्ट दिसतं. वरच्या झरोक्यापाशी धूर सरळ उभा राहिला तर खाली कुठेतरी वाट बुजली आहे: बहुतेक वेळा माळ्यावर रचलेली जुनी कौलं, गवताच्या पेंढ्या किंवा नारळाच्या सोडणांची रास वळचणीला टेकलेली असते. सामान कडेपासून हातभर आत सरकवा.

सातेरी मधमाश्यांचं पोळं झरोक्यात सापडलं तर जाळू नका. गावाजवळ मधमाश्या पाळणारा असेल तर तो पोळं पेटीत काढून नेतो. लक्षात ठेवा, पाव इंची जाळीतून मधमाशी सहज जाते, त्यामुळे पोळं पुन्हा तिथेच होत असेल तर फक्त त्या एका झरोक्याला ३ मि.मी.ची जाळी लावा आणि ती दुप्पट वेळा साफ करा.

लेंड्या कोरड्या झाडू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, वटवाघळांच्या आणि पारव्यांच्या सुक्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. आधी दोन्ही झरोके उघडून अर्धा तास वारा जाऊ द्या. मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण फवारून पाच-दहा मिनिटं भिजत ठेवा, खराट्याऐवजी ओल्या फडक्याने आणि सुपलीने गोळा करा, पिशवीत बांधून पुरा. ब्लीचमध्ये फिनेल किंवा अॅसिड मिसळू नका. काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, कारण उंदरांनी कुरतडलेली उघडी वायर ओल्या फडक्याखाली येऊ शकते. कुरतडलेली वायर दिसली तर टेप गुंडाळून भागवू नका, तेवढा तुकडा बदलून घ्या आणि नवा पाइपातून न्या.

घर वर्षभर बंद असेल आणि माणसं गणपतीला आणि मे महिन्यात एवढ्याच वेळा येत असतील, तर जाळीचं मोठं काम मेमध्ये करा, सामान आधीच मागवून ठेवा. गणपतीला आल्यावर वरच्या झरोक्याची चौकट काढून पाहा, वळचणीचे सगळे खण टॉर्च मारून मोजा आणि आत पसरलेली राख जशी होती तशी आहे ना, हे बघा. निघण्याच्या आदल्या दिवशी राख ताजी पसरा आणि चौकटीच्या चारही खिट्ट्या हाताने ओढून पाहा.